मुंबई–न्यूयॉर्क: जाताना सोळा तास, येताना चौदा, असं का?

प्रश्न थोडक्यात असा: आईला पहिल्यांदाच न्यू जर्सीला बहिणीकडे पाठवायचंय. नेटवर मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर साधारण १२,५४० किलोमीटर दिसतं. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर चौदा तास. पण तिकिटावर जाताना १५ तास ५० मिनिटं आणि येताना १४ तास २० मिनिटं छापलंय. जाताना पहाटे २ ला सुटून त्याच दिवशी सकाळी ७:२० ला पोचणार, म्हणजे पाचच तास. येताना दुपारी १२ ला सुटून दुसऱ्या दिवशी दुपारी १२:५०, म्हणजे जवळजवळ पंचवीस. यातलं खरं कुठलं, आणि आईला काय सांगायचं?

सगळंच खरं आहे. पण त्यातल्या कुठल्याही आकड्याचा १२,५४० शी तुम्हाला वाटतो तेवढा संबंध नाही.

मी सव्वीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली. विमान उडवणं हे माझं काम नव्हतं. विमान कुठल्या वाटेनं जाईल, किती उंचीवरून जाईल, टाकीत किती इंधन घालायचं, याचा कागद जमिनीवर बसून तयार करायचा आणि उड्डाणाआधी कॅप्टनसमोर ठेवायचा, हे काम. एवढ्या वर्षांत एकाही कॅप्टननं मला ‘आज किलोमीटर किती?’ असं विचारलेलं नाही. कागद हातात आला की नजर दोनच ठिकाणी जाते: ट्रिप टाइम किती आणि बर्न किती. वेळ आणि इंधन.

तरी आधी त्या १२,५४० चं बघू, कारण तो आकडा चुकीचा नाही.

घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर शिवणाचा दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरा आणि ताणा. भिंतीवरचा नकाशा बघून वाटतं की दोरा अरबी समुद्र, आफ्रिकेचा वरचा भाग आणि अटलांटिक असा आडवा जाईल. तसा तो राहतच नाही. ताण दिला की घसरत वर सरकतो आणि उत्तर ध्रुवाच्या बाजूनं वळसा घालतो. शाळेच्या भूगोलात ‘बृहत् वृत्त’ वाचलेलं असतं, ते हेच. नकाशावर पट्टी ठेवून तीच दिशा धरून गेलात तर सुमारे १४,२०० किलोमीटर भरतात. दोऱ्यानं गेलात तर १२,५४०. वर आडवा फुगलेला नकाशा आपल्याला शाळेपासून फसवत आलाय.

हा दोरा नेमका कुठून जातो ते बघण्यासारखं आहे. मुंबईतून उत्तर-वायव्येला निघतो. सौराष्ट्र, कच्छचं रण, मग सिंधमध्ये मोहेंजोदडोच्या अगदी जवळून. अफगाणिस्तानची पश्चिम बाजू, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचं पश्चिम टोक, आणि मग रशिया: मॉस्को जवळच, सेंट पीटर्सबर्ग जरासं उजव्या हाताला. पुढे फिनलंड, स्वीडन, नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम. आइसलंड अख्खा ओलांडायचा, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून जायचं आणि कॅनडाच्या लाब्राडोरवरून खाली न्यूयॉर्कला उतरायचं. सर्वात उत्तरेला तो जवळजवळ ६५ अक्षांशापर्यंत चढतो. मुंबई १९ वर, न्यूयॉर्क पावणेएकेचाळीसवर, आणि मधली वाट पासष्टवर!

आता ही यादी पुन्हा वाचा, पण यावेळी बातम्या वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांनी. यातले किती देश कुठल्याही वेळी आपल्या विमानाला ‘या’ म्हणतील?

२०१९ मध्ये बालाकोटनंतर फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचं आकाश बंद होतं. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांसाठी ते पुन्हा बंद झालं. ऑगस्ट २०२१ नंतर अफगाणिस्तानात विमानांना वाट दाखवणारं हवाई नियंत्रणच उरलं नाही. फेब्रुवारी २०२२ पासून युद्धामुळे युक्रेनचं आकाश बंद झालं, आणि त्यापाठोपाठ युरोपीय, ब्रिटिश, कॅनेडियन, अमेरिकन कंपन्यांना रशिया बंद झाला. भारतीय कंपन्यांना तो उघडा राहिला. म्हणजे एकाच दिवशी, त्याच दोन शहरांमध्ये, एका देशाच्या कंपनीची वाट वेगळी आणि दुसऱ्या देशाच्या कंपनीची वेगळी. मुंबईहून निघालेलं विमान मग अरबी समुद्रावरून पश्चिमेला सरकतं, ओमान किंवा अमिरातीच्या बाजूनं आत शिरतं आणि तिथून वर चढतं. तिथेही इराण-इराकचं राजकीय तापमान रोज बघावं लागतं. आमच्याकडे पाळी सुरू झाली की चहाच्या आधी नोटॅम वाचायचे. नोटॅम म्हणजे कुठलं आकाश, कुठली धावपट्टी, कुठला दिवा आज बंद आहे, याची जगभरातून येणारी सूचना. लोक सकाळी पेपर वाचतात तसं.

या सगळ्यामुळे प्रत्यक्ष वाट दोऱ्यापेक्षा पाच ते दहा टक्के लांब होते. १२,५४० चे १३,२०० किंवा १३,८००. तासाचा फरक एवढ्यानंच पडू शकतो.

पण जाताना-येताना जो दीड तासाचा फरक तुम्हाला दिसतोय, तो देशांमुळे नाही. तो वाऱ्यामुळे.

विमानाचा ताशी ९०० हा वेग जमिनीच्या हिशेबात नसतो, हवेच्या हिशेबात असतो. कोकणातल्या खाडीत होडी वल्हवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही: हात तेवढेच चालतात, पण भरती बरोबर असली तर पलीकडचा धक्का लवकर येतो आणि विरुद्ध असली तर येता येत नाही. पस्तीस हजार फुटांवर अशीच एक वाहती नदी आहे, जेट स्ट्रीम. ती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते आणि हिवाळ्यात तिचा वेग ताशी दोनशे-अडीचशे किलोमीटर सहज असतो, कधी त्याहून जास्त. (हे वारे पहिल्यांदा नीट मोजले ते वासाबुरो ओइशी या जपानी हवामानशास्त्रज्ञानं, १९२० च्या दशकात, फुगे सोडून. जगानं वाचावं म्हणून अहवाल एस्पेरांतो या सगळ्या जगासाठी मुद्दाम बनवलेल्या भाषेत लिहिला, आणि जगानं तो वाचला नाही. मला या माणसाबद्दल फार आपुलकी वाटते.)

अमेरिकेला जाताना आपण पश्चिमेला जातो, म्हणजे नदीच्या उलट. येताना प्रवाहाबरोबर. हिशेब करून बघा. वाट १३,२०० किलोमीटर आणि हवेतला वेग ९०० धरा. जाताना संपूर्ण वाटेवर सरासरी ४५ किलोमीटरचा वारा समोरून लागला, तर जमिनीवरचा वेग उरतो ८५५. वेळ होतो साडेपंधरा तासांच्या जवळ. येताना तोच वारा पाठीमागून, वेग ९४५, वेळ चौदा तासांना दोन मिनिटं कमी. दीड तासाचा फरक इथेच आला. आणि ४५ ही सरासरी काही मोठी नाही.

वारा किती करू शकतो याचा एक नमुना: फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. जमिनीच्या हिशेबात ते ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेलं होतं. इंजिनांनी काही वेगळं केलं नव्हतं.

आमच्या धंद्यातलं माझं सर्वात आवडतं उदाहरण मात्र एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचं. हे विमान आधी अटलांटिकवरून जायचं, वाट सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी दिशाच उलटी केली. दिल्लीहून पूर्वेला, पॅसिफिकवरून. वाट झाली १५,३०० किलोमीटर, म्हणजे चौदाशे किलोमीटर जास्त. आणि वेळ? साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी. समोरून लागणारा वारा पाठीशी आला. नुसतं अंतर बघणाऱ्या माणसाला यातली कुठली वाट जवळची वाटेल सांगा! मुंबई–न्यूयॉर्कला ही युक्ती चालत नाही, पूर्वेकडून जायचं तर वाट फारच लांबते.

म्हणून आम्ही संगणकाला वाट विचारतो तेव्हा ‘सर्वात जवळची’ कधीच मागत नाही. आजच्या वाऱ्यात सर्वात कमी वेळाची किंवा सर्वात कमी खर्चाची मागतो. जाताना प्रवाह टाळून उत्तरेकडून जायचं, येताना मुद्दाम दक्षिणेकडे येऊन त्यात शिरायचं. उत्तर अटलांटिकवर तर गर्दी एवढी असते की कॅनडातलं गँडर आणि पलीकडचं शॅनविक ही दोन नियंत्रण केंद्रं मिळून रोज त्या दिवसाच्या वाऱ्याप्रमाणे समुद्रावर नवे रस्ते आखतात. दुसऱ्या दिवशी ते पुसले जातात आणि परत नवे.

आता इंधन. प्रवाशाला याच्याशी काय करायचंय असं वाटेल, पण ‘नॉनस्टॉप’ हा शब्द तिकिटावर राहणार की नाही, हे इथे ठरतं.

या मार्गावर बरीच वर्षं चाललेलं बोइंग ७७७-३००ईआर घ्या. टाकीत सुमारे १,८१,००० लिटर मावतं, वजनात १४५ टन. तासाला साधारण साडेसात-आठ टन जळतं. एक तासाचा वळसा वाढला की आठ टन वाढले. पण ते आठ टन आधी पंधरा तास वाहूनही न्यावे लागतात. लांबच्या उड्डाणात जादा घातलेल्या दर दहा टनांमागे तीन-चार टन हे ते दहा टन वाहण्यातच खर्ची पडतात. विमानाच्या उड्डाणवजनाला तर कमाल मर्यादा असते. मग कमी काय करायचं? आधी माल, मग शेवटी खुर्च्या.

२०१९ च्या मे महिन्यातली एक रात्र सांगतो. पाकिस्तान बंद, वाट समुद्रावरून, त्यात समोरून नेहमीपेक्षा जोराचा वारा. मुंबईत रात्री एक वाजता तीस-एकतीस डिग्री; गरम हवा विरळ असते, तिच्यात विमान जडच उचलतं. कागदावर चार टन जास्त होत होते. लोड कंट्रोलला, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशेब ठेवणाऱ्यांना, फोन केला की माल उतरवा. तिकडून आवाज आला, “साहेब, आंबा आहे.” पोटातल्या मालात हापूसच्या पेट्या होत्या. अमेरिकेला आंबा जातो तो विकिरण केंद्रातून प्रक्रिया होऊन, तपासणीचे शिक्के घेऊन. तो धक्क्यावर उन्हात ठेवून उद्या-परवा पाठवण्याचा माल नाही. मी वाट परत चालवली. दुसरी उंची, मधे एक वेगळा फाटा, युरोपवर थोडं दक्षिणेकडून. नऊ मिनिटं वाचली. नऊ मिनिटं म्हणजे सव्वा टनाच्या आसपास, आणि ते वाहण्याचं वाचलं ते वेगळं. निम्म्या पेट्या गेल्या, निम्म्या शीतगृहात परतल्या. त्या रात्री मला कोणी विचारलं असतं की मुंबई–न्यूयॉर्क किती लांब आहे, तर मी ‘दोन टन आंबा’ म्हणालो असतो.

इंधन फार वाढलं की मधे उतरून भरून घ्यावं लागतं. २०१९ आणि २०२५ मध्ये उत्तर भारतातून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नासारख्या ठिकाणी तसं थांबावं लागलं. शिवाय दोन इंजिनांच्या विमानाला वाटेत कुठेही असताना ठरलेल्या मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ लागतो. तिथलं हवामानही आम्हीच बघायचं. हा विमानतळ कुठलाही असू शकतो. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या पूर्व टोकाला, मगदानला उतरलं होतं.

तिकिटावरच्या १५:५० कडे येऊ. हा वेळ हवेतला नाही. आमच्याकडे याला ब्लॉक टाइम म्हणतात. चाकांना लावलेले ठोकळे काढून विमान जागेवरून हललं, तिथपासून न्यूयॉर्कला पुन्हा ठोकळे लागेपर्यंत. यात मुंबईत धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणं आलं. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते आणि पहाटेची रांग लांब असते. न्यूयॉर्कला उतरल्यावर दारापर्यंतचं फिरणं आलं. वर कंपनीनं ऋतूच्या सरासरी वाऱ्याप्रमाणे आणि उशिराचा शिक्का बसू नये म्हणून थोडी मोकळी जागा ठेवलेली असते. म्हणून कधी कधी विमान वीस मिनिटं उशिरा सुटून वेळेवर पोचतं आणि लोक पायलटनं ‘जोरात मारलं’ म्हणून खूश होतात. मारलेलं काही नसतं.

तुम्हाला घरच्या घरी हिशेब करायचा असेल तर माझा कच्चा आडाखा: दोऱ्याच्या अंतरात सहा-सात टक्के वाढवा, पश्चिमेला जाताना ८६० नं आणि पूर्वेला येताना ९४५ नं भागा, वर अर्धा तास टाका. मुंबई–न्यूयॉर्कला उत्तर तुमच्या तिकिटाच्या वीस मिनिटांच्या आतबाहेर येईल. कुठलं आकाश नव्यानं बंद झालं असेल तर आडाखा कोसळतो, तेव्हा तिकीटच बघा.

घड्याळाचं कोडं सोपं आहे. तिकिटावर सुटायची वेळ सुटायच्या गावाची, पोचायची वेळ पोचायच्या गावाची. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं. पहाटे २ अधिक १५:५० म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे ५:५०, त्यातून साडेदहा वजा केले की सकाळचे ७:२०. येताना उलट: त्यांचे दुपारचे १२ अधिक १४:२० म्हणजे त्यांचे रात्रीचे २:२०, त्यात साडेदहा मिळवा, आपले दुपारचे १२:५०. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते घड्याळ तासभर पुढे ढकलतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. मधल्या काळात फरक साडेनऊ तास. या दोन रविवारांच्या आसपासचं तिकीट असेल तर आकडेमोड दोनदा करा. आमच्याच खात्यातल्या लोकांच्या यात चुका झालेल्या पाहिल्यात.

तुम्ही विचारलं नाही, पण पुढचा प्रश्न हाच येणार: दुबई किंवा लंडनमार्गे घेतलं तर किती लांब पडतं? अंतरात जवळजवळ काहीच नाही. लंडनमार्गे १२,७५०, दुबईमार्गे १२,९५०. दोऱ्याच्या तुलनेत दोनशे आणि चारशे किलोमीटर, बस. मे १९६० मध्ये एअर इंडियानं बोइंग ७०७ विमान घेऊन न्यूयॉर्कची सेवा सुरू केली तीही लंडनवरूनच. वाढतो तो मधला थांबा, आणि पहिल्यांदा जाणाऱ्या, इंग्रजी फलक वाचताना बिचकणाऱ्या माणसाला त्या थांब्यात दुसरं दार शोधणं सोळा तास बसण्यापेक्षा जड जातं. आई एकट्या असतील तर माझं मत सरळ आहे: थोडे पैसे जास्त गेले तरी नॉनस्टॉप, वाटेकडेची खुर्ची, आणि तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मागणी. गुडघे धड असले तरी. व्हीलचेअर ढकलणारा माणूस त्यांना इमिग्रेशनच्या पलीकडे नेऊन सोडतो.

समोरच्या पडद्यावर नकाशा असतो, त्याबद्दल आधीच सांगून ठेवा. विमान रशियाकडे किंवा आइसलंडकडे चाललेलं दिसलं, बाहेर उणे ५५ डिग्री दिसलं, तर घाबरून शेजारच्याला उठवायचं नाही. वाट तीच आहे. जमिनीवरचा वेग ८०० च्या खाली आलेला दिसला तर समोरून वारा आहे एवढंच. उरलेला वेळ पडद्यावर दाखवतात, तोच खरा. घरून निघताना पाठ केलेला नाही.

बहिणीला सांगा की तिकिटावरच्या ७:२० कडे बघून घरून निघू नकोस. विमान मुंबईतून प्रत्यक्ष कितीला उडालं ते फोनवर दिसतं. त्यात त्या दिवसाचा हवेतला वेळ मिळवायचा, वर बाहेर पडायला दीड तास धरायचा. आणि तिकीट पक्कं करण्याआधी एक बघून घ्या: विमान जेएफकेला उतरतंय की नेवार्कला. न्यू जर्सीत घर असेल तर नेवार्क दाराशी आहे. दोन्ही विमानतळांत सरळ रेषेत तेहतीसच किलोमीटर आहेत, पण मधे अख्खं न्यूयॉर्क शहर आहे, आणि सकाळच्या गर्दीत गाडीनं त्याला दीड-दोन तास लागतात.